धुऱ्यावर वाळा, हेट्याखाली पानपिंपरी

वाळ्याचं गवत आणि पानपिंपरीचा वेल एकाच आंगणात चांगले नांदतात, पण दोघांची निगा एकसारखी ठेवली की दोन्ही हातचे जातात. बहुतेक घरी नेमकं तेच होतं. रोपं एकाच दिवशी येतात, शेजारी-शेजारी लागतात, दोघांना रोज सारखं पाणी मिळतं. पुढचा मे उजाडेपर्यंत पिंपरी करपलेली असते, आणि वाळा वरून हिरवागार दिसला तरी मुळं वरच्या वीतभर मातीतच घुटमळत असतात. वाळ्याला उघडं ऊन आणि वेळच्या वेळी कापणी लागते. एकदा रुजला की पाण्यासाठी त्याला कुणाच्या तोंडाकडे पाहावं लागत नाही. पिंपरीला गाळीव ऊन, कायम ओलसर पण पाणी न साचणारी माती आणि चढायला आधार लागतो. विदर्भातल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात हा फरक सांभाळला तर वाळा पिंपरीची राखणही करतो. ती कशी, ते पुढे येईल.

आधी ओळख पक्की करू, कारण रोपं घेताना फसगत इथूनच सुरू होते. वाळा म्हणजे खस. झुपका पाच-सहा फूट उंच होतो. पानं अरुंद, ताठ आणि टोकाशी किंचित वाकलेली असतात. पावसाळा सरता सरता जांभळट तपकिरी तुरे येतात आणि तेव्हा फाटकाजवळचा झुपका फार देखणा दिसतो. वाळ्याचं पान चोळलं तर वास येत नाही. वास सगळा मुळात. पान चोळल्यावर लिंबाचा वास आला तर तो गवती चहा समजावा. पानाला वास नाही आणि ओलं करून चोळलेल्या मुळालाही नाही, तर ते कुठलंतरी रानगवत आहे, घेऊ नका.

पानपिंपरी म्हणजे औषधातली पिंपळी, काही जण लेंडी पिंपळी म्हणतात. खायचं पान आणि काळी मिरी यांच्याच कुळातली. पान नागवेलीच्या पानासारखं बदामी, पण लहान आणि पातळ. खालच्या पानांना लांब देठ असतो. वर ज्या फांद्यांना फळ येतं तिथली पानं बिनदेठाची, खोडाला बिलगून बसलेली दिसतात. नागवेलीपासून पिंपरी ओळखायची ही सोपी खूण आहे. फळ म्हणजे इंचभर लांबीचं, तुतीच्या फळासारखं दाणेदार कणीस. अमरावती जिल्ह्यातलं अंजनगाव सुर्जी आणि अकोला जिल्ह्यातलं अकोट या सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यात बारी समाजाचे शेतकरी पानमळ्याच्या जोडीनं हे पीक पिढ्यानपिढ्या घेत आले आहेत. केरळात पिंपरी नारळाखाली जमिनीवर पसरू देतात. आपल्याकडे मात्र ती पानवेलीसारखी आधारावर चढवतात, त्यामुळे तोडणी सोपी होते आणि वेलाला हवा लागते.

जागा कुठली?

वाळ्याला दिवसभराचं ऊन हवं. कडुनिंबाखाली, भिंतीच्या सावलीत लावलेला वाळा मरत नाही, पण विरळ होतो, पिवळट राहतो आणि झुपका भरत नाही. मातीच्या बाबतीत मात्र तो फार सोशिक आहे. भारी काळी, मुरमाड बरड, पावसाळ्यात पाणी तुंबणारी सखल जागा, कुठेही धरतो. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहिरीच्या खाऱ्या पाण्यावर बरीच झाडं मान टाकतात, तिथेही वाळा तगतो.

पिंपरीचं उलट आहे. तिला गोडं पाणीच लागतं. खारपाणपट्ट्यात ती लावायचीच असेल तर पावसाचं साठवलेलं पाणी हाताशी असायला हवं, नाहीतर त्या नादी लागू नये. निव्वळ काळ्या मातीतही तिचं जमत नाही: पावसाळ्यात चिखल होऊन मुळं गुदमरतात आणि उन्हाळ्यात भेगा पडल्या की तीच मुळं तुटतात. अशा ठिकाणी दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत आणि एक भाग नदीची वाळू असं मिश्रण करून गादीवाफा घालावा. वाफ्याची रुंदी तीन फूट, उंची अर्धा ते पाऊण फूट. दोन वाफ्यांमध्ये दीड फुटाची सरी ठेवावी, म्हणजे श्रावणातलं पाणी निघून जातं.

मार्च-एप्रिलमध्ये विहीर आटत असेल तर फक्त वाळा लावा. उन्हाळ्यात दोन आठवडे पाणी तुटलं तर पिंपरीचं वर्ष वाया जातं.

वाळ्याची लावण

वाळा बियांपासून नाही, फुटव्यांपासून लावतात. मृगाचा पाऊस पडून जमीन खोलवर ओली झाली की लावणीला हात घालावा. आर्द्रा संपायच्या आत लावलेले फुटवे सर्वात लवकर धरतात. पाण्याची सोय असेल तर फेब्रुवारीतही चालतं.

वर्षभराचा झुपका फावड्यानं बाजूनं खणून सगळा उपटा. माती झटकली की खाली एकमेकांना चिकटलेली जाड, पांढरट खोडं दिसतात. ती हातानं ओढून वेगळी करावी, अडलं तरच कोयता लावावा. एका रोपात दोन ते तीन फुटवे ठेवा. एकट्या फुटव्याचं रोप पहिल्याच उघडिपीत सुकतं. झुपक्याच्या मधले जून, पोकळ, आधीच तुरा येऊन गेलेले फुटवे बाजूला टाका, ते रुजत नाहीत. मग शेंडा वीतभर ठेवून वरची पानं छाटा आणि मुळं तीन-चार इंचांवर कापा. मुळं कापताना जीव कचरतो, पण लांब मुळं खड्ड्यात दुमडली जातात आणि तिथेच कुजतात. आखूड मुळाला आठवड्या-दोन आठवड्यांत नवी पांढरी मुळं फुटतात. लावण्याआधी बुडखे शेणकाल्यात बुडवून घ्यावेत. त्या दिवशी लावून झाले नाहीत तर ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीत ठेवावेत.

अंतर कशासाठी लावताय त्यावर ठरतं. फाटकाजवळ शोभेसाठी एकेक झुपका हवा असेल तर दोन झुपक्यांत तीन फूट सोडा. मुळं काढायची असतील तर दीड फुटाच्या ओळी आणि ओळीत एक फूट. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, माती अडवायची असेल तर मात्र चार ते सहा इंच, आणि यात तडजोड नको. १०० फूट धुऱ्याला सहा इंचांवर २०० रोपं, म्हणजे ४०० ते ६०० फुटवे लागतात. वर्षभराचे दहा-पंधरा भरलेले झुपके फोडले की तेवढे निघतात. उतारावरच्या वावरात ओळ समपातळीवर धरावी. ओळीत एक जरी रोप मेलं आणि फट राहिली तर ओढ्यासारखं पाणी तिथूनच घुसतं आणि घळ पाडतं. म्हणून लावणीनंतर तीन आठवड्यांनी ओळीवरून एक चक्कर मारून नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागा, भरून घ्याव्यात. ओळ एकदा जुळली की पाणी अडून संथपणे पाझरतं, गाळ मागे साचतो, आणि गाळ वर चढेल तसा वाळाही वरच्या पेरांतून मुळं फोडत वर सरकतो. मुळं सरळ खाली जातात, चांगल्या जमिनीत पहिल्या वर्षी दोन-तीन मीटरपर्यंत, त्यामुळे शेजारच्या तुरीला किंवा पऱ्हाटीला (कपाशीला) फारसा त्रास होत नाही. जगभर माती अडवण्यासाठी हे गवत ज्या नावानं ओळखलं जातं ते ‘वेटिव्हर’ हा शब्दही तामीळमधून गेलेला आहे.

पहिले दोन महिने निंदण ठेवावं लागतं, कारण लहान रोपावर तणाची सावली पडली की ते मागे पडतं. पाऊस नसेल तर पहिला महिना तीन-चार दिवसांनी पाणी. पुढे शोभेच्या झुपक्याला उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा भरपूर पाणी दिलं तरी पुरे. रोजचं थोडं-थोडं पाणी मुळांना वरच अडकवून ठेवतं.

कापणी हीच वाळ्याची खरी मशागत. दर तीन-चार महिन्यांनी जमिनीपासून दीड फूट ठेवून वरचं सगळं विळ्यानं कापावं. त्यानं बाजूचे फुटवे जोर धरतात, झुपका रुंदावतो आणि आत वाळलेला पाला साचत नाही. तसाच पाला साचू दिला तर मधला भाग मरतो, त्यात वाळवी शिरते आणि उन्हाळ्यात एखादी ठिणगी पडली तर भडका उडतो. जुना झुपका आगीतून पुन्हा फुटतो, पण पहिल्या वर्षाची रोपं जातात. तेव्हा मार्च-एप्रिलमध्ये धुरे जाळायची सवय असेल तर वाळ्याची ओळ त्यातून वाचवा. कीड अशी फारशी येत नाही. झुपका अचानक पिवळा पडून हातानं सहज उपटून आला तर मुळाशी हुमणी (मुळं खाणारी अळी) शोधा; कच्चं शेणखत टाकलेल्या जागी ती हटकून सापडते. वाळ्याला कच्चं खत देऊच नये. लावताना मूठभर कुजलेलं खत पुरतं.

मुळं काढणं आणि वापरणं

मुळं लावणीनंतर १५ ते १८ महिन्यांनी काढतात. त्याआधीची मुळं बारीक आणि कमी वासाची असतात. फार उशीर केला तर मूळ जून होऊन लाकडी पडतं. पुढच्या वर्षीचा डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य: जमीन मऊ असते आणि मूळ भरलेलं असतं. काळ्या मातीत मात्र हे काम कंबरतोड आहे, अर्धी मुळं आतच तुटून राहतात. घरापुरतीच मुळं हवी असतील तर खताची रिकामी पोती वाळू आणि कुजलेल्या खतानं तीनास एक प्रमाणात भरून त्यांत वाळा लावावा. खाली चार भोकं पाडायला विसरू नये. मुदत भरली की पोतं चिरायचं आणि वाळू झटकायची. सगळी मुळं अखंड हाती येतात. पोत्यातल्या वाळूत ओल टिकत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात इथे आठवड्यातून दोनदा पाणी लागतं.

धुऱ्यावरच्या ओळीची मुळं विकण्यासाठी काढू नका. दोन-चार किलो मुळांपायी बांध मोकळा होतो आणि पुढच्या पावसात वावराची वरची माती नाल्यात जाते. मुळांसाठी वेगळी लावण, धुऱ्यासाठी वेगळी.

काढलेली मुळं झटपट धुऊन सावलीत, हवेशीर जागी तीन-चार दिवस वाळवावीत. उन्हात घातली की तेल उडतं आणि हाती नुसती काडी राहते. माठासाठी दहा-पंधरा ग्रॅम मुळं दोनदा-तीनदा धुऊन मलमलच्या फडक्यात बांधून टाकायची. दर दोन-तीन दिवसांनी जुडी काढून धुवायची, वाळवायची आणि पुन्हा टाकायची. वास उतरला की नवी घ्यायची. पाण्यात सलग पडून राहिलेली जुडी बुळबुळीत होते, मग ती फेकलेलीच बरी. खिडकीच्या तट्टीला आणि कुलरच्या जाळीला तोच नियम: वास ओलं झाल्यावरच सुटतो आणि हवा खेळती असेल तरच टिकतो. हंगाम संपला की तट्टी धुऊन, सावलीत खडखडीत वाळवून कोरड्या जागी टांगावी, नाहीतर पावसाळ्यात तिच्यावर बुरशी चढते.

सरबतासाठी ५० ग्रॅम मुळं बारीक कापून एक लिटर कडकडीत गरम पाण्यात टाकावीत आणि घट्ट झाकून रात्रभर ठेवावीत. मुळं उकळत ठेवू नयेत, वाफेबरोबर वास जातो. सकाळी दुहेरी फडक्यातून गाळून त्यात सव्वा किलो साखर विरघळवायची, एक उकळी येताच उतरवायचं, थंड झाल्यावर दोन लिंबांचा रस घालायचा. याचा रंग फिकट तांबूस येतो. बाजारच्या बाटलीतला हिरवा रंग घातलेला असतो, मुळातून तो उतरत नाही.

कापलेली पानंही वाया जात नाहीत. कोवळी असताना गुरं खातात. जून पानं गोठ्याच्या छपरावर घालता येतात, पण त्यांचा सर्वात चांगला उपयोग पिंपरीच्या वाफ्यावर होतो.

पानपिंपरी: आधी सावली, मग वेल

पिंपरी लावणाऱ्यांची सर्वात मोठी चूक म्हणजे वेल आधी आणणं आणि सावलीचा विचार नंतर करणं. मळ्यात आधी हेटा (हादगा), शेवरी किंवा पांगारा लावून घेतात आणि तो माणसाच्या उंचीला आला की त्याच्या बुडाशी वेल लावतात. हीच झाडं सावलीही देतात आणि आधारही होतात. हेटा आणि शेवरी बियांपासून भराभर वाढतात, शिवाय शेंगवर्गीय असल्यानं त्यांचा पाला जमिनीत कुजून खत होतो. पांगारा फांदी रोवूनही येतो. घरी लावायची असेल तर शेवग्याच्या किंवा लिंबाच्या विरळ सावलीत किंवा ५० टक्के सावलीच्या हिरव्या जाळीखाली जमतं. आंब्याखाली नको: तिथे सावली इतकी गडद पडते की वेल पानांनी भरतो आणि कणसं येत नाहीत.

आता वेल निवडताना. पिंपरीत नर वेल आणि मादी वेल वेगवेगळे असतात. नराचं कणीस लांब, बारीक, दोऱ्यासारखं. परागकण झडले की गळून पडतं. मादीचं कणीस आखूड, जाड, आणि पुढे तेच भरून पिंपरी होते. कणसं नसलेल्या वेलावरून नर-मादी कळत नाही, म्हणून फळ लागलेला वेल डोळ्यांनी पाहूनच कांड्या घ्याव्यात. केरळ कृषी विद्यापीठाची ‘विश्वम’ ही जात मादी वेलाचीच आहे. तीन वर्षं निगा राखूनही फळ न लागलेल्या वेलांची तक्रार करणाऱ्यांनी आधी कांड्या कुठून आणल्या ते आठवावं.

कांड्या वर्षभराच्या वेलाच्या, तीन ते चार पेरांच्या घ्याव्यात. दोन पेरं मातीत, उरलेली वर. मार्च-एप्रिलमध्ये लहान पिशव्यांत, माती-वाळू-खत सारख्या प्रमाणात घालून, दाट सावलीत ठेवाव्यात आणि दिवसातून दोनदा शिंपडावं. मेअखेर त्या रुजून तयार होतात. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, ही पिशव्यांची रोपं सांभाळणं हेच सगळ्यात नाजूक काम: पिशव्या दुपारचं ऊन लागणार नाही अशा सावलीत ओळीनं मांडाव्यात, वर ओलं पोतं ताणावं, पण पोतं पानांना टेकू देऊ नये. जून-जुलैत पावसानं हवा थंडावली की लावणी.

वाफ्यात दोन-दोन फुटांवर वीतभर खोल खड्डे घ्यावेत आणि प्रत्येक खड्ड्यात दोन रोपं लावावीत. १० बाय १० फुटांच्या जागेत असे २५ खड्डे बसतात आणि तेवढ्या जागेला वर्षाला २० किलो कुजलेलं शेणखत लागतं. अर्धं लावणीआधी, अर्धं पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी. युरिया टाकायचा मोह आवरावा. त्यानं पानं मोठी आणि लुसलुशीत होतात, कणसं कमी लागतात आणि रोग आधी याच वेलांवर येतो.

वेल वर सरकू लागला की दर वीतभरावर आधाराला सैल बांधावा. केळीच्या सोपाची ओली दोरी यासाठी उत्तम, ती वेलाला कापत नाही आणि पुढच्या हंगामापर्यंत आपोआप कुजते. सुतळी आवळून बांधली तर पेराशी काच पडून वरचा भाग वाळतो. जमिनीवर धावणारे धुमारे वाढू दिले तर वाफा गच्च होतो. पावसाळ्यात ते छाटून त्यांच्याच नव्या कांड्या करता येतात.

पाणी थोडं पण नियमित. पावसाळ्यात उघडीप पडली तर चार-पाच दिवसांनी, हिवाळ्यात आठवड्यातून एकदा-दोनदा, एप्रिल-मेमध्ये एक दिवसाआड, तेही सकाळी. ठिबक असेल तर सर्वात बरं. मोकाट पाणी सोडलं की एका वेलाच्या बुडाचा रोग ओळीतल्या सगळ्यांना पोहोचतो. फेब्रुवारीपासून वाफ्यावर तीन इंचांचं आच्छादन हवंच, आणि इथे वाळ्याचा पाला कामी येतो. तो जाड असतो, लवकर कुजत नाही, एका कापणीचा थर उन्हाळाभर टिकतो. आच्छादन वेलाच्या बुडापासून चार बोटं दूर ठेवा.

वाळ्याची राखण ती हीच, आणि दुसरी वाऱ्याची. विदर्भात उन्हाळी झळ पश्चिमेकडून येते. वाफ्याच्या पश्चिमेला सहा इंचांवर वाळ्याची दाट ओळ लावली आणि मार्च ते जून ती कापली नाही, तर खालचे पाच-सहा फूट झळीपासून वाचतात. ओळ आणि वाफा यांत पाच फूट अंतर ठेवावं, म्हणजे विळा चालवायला जागा राहते आणि वाळा पिंपरीचं पाणी ओढत नाही. वाळा पहिल्याच उन्हाळ्यात एवढा दाट होत नाही, म्हणून शक्य असेल तर तो पिंपरीच्या एक वर्ष आधी लावावा. तोवर तुराट्यांचा ताटवा उभा करून भागवावं.

काय बिघडतं

पावसाळ्यात पानांवर पाणी लागल्यासारखे काळपट डाग पडून ते भराभर पसरले, किंवा वेल बुडाशी काळा पडून एका-दोन दिवसांत माना टाकू लागला, तर ती कूज आहे. साचलेलं पाणी आणि दाटी ही तिची कारणं. असा वेल मुळासकट काढून जाळावा, खड्ड्यातली माती उकरून उघडी ठेवावी आणि बाकीच्यांवर एक टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) फवारून बुडाशीही ओतावं.

बोर्डो दहा लिटर करायचं असेल तर १०० ग्रॅम मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) फडक्यात बांधून प्लॅस्टिकच्या बादलीत पाच लिटर पाण्यात रात्रभर टांगून ठेवा, आपोआप विरघळतं. दुसऱ्या बादलीत १०० ग्रॅम कळीचा चुना थोड्या पाण्यात विरवून पाच लिटर करा आणि गाळून घ्या. मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओतत लाकडी काडीनं ढवळा. आभाळी निळा, गाळणीत न अडकणारा द्राव तयार होतो. त्यात स्वच्छ घासलेलं विळ्याचं पातं मिनिटभर बुडवून पाहा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळा आहे, तसंच फवारलं तर पानं जळतील. थर चढेनासा होईपर्यंत चुन्याची निवळी थोडी-थोडी घाला. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं वापरू नका आणि केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा. तोडणीला आलेल्या कणसांवर फवारू नये. आधी ती तोडून घ्यावीत.

पहिली फवारणी रोग येण्याआधी, जूनमध्येच केली तर बरंचसं संकट टळतं. लावणीच्या वेळी दहा किलो कुजलेल्या खतात किलोभर निंबोळी पेंड आणि १०० ग्रॅम ट्रायकोडर्मा (कूज रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळून, ओलसर करून पोत्याखाली पंधरा दिवस ठेवावं आणि खड्ड्यात घालावं. हे खत आणि बोर्डो एकाच सुमारास बुडाशी देऊ नका, तांब्यानं ट्रायकोडर्मालाही मार बसतो.

उन्हाळ्यात पाणी वेळेवर असूनही वेल पिवळा पडला आणि बुडाशी मुंग्यांची ये-जा दिसली, तर माती हलकेच उकरून पाहा. मुळांवर कापसाच्या बारीक गोळ्यांसारखे पांढरे ठिपके असतील तर तो पिठ्या ढेकूण. पानांवर भोकं नि करपलेले ठिपके दिसले तर रस शोषणारा ढेकण्या आहे. दोन्हींवर पाच टक्के निंबोळी अर्क: ५०० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, पिळून गाळून दहा लिटर करावी, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारावी, मुळांवरच्या ढेकणासाठी बुडाशी ओतावी. आठ-दहा दिवसांनी पुन्हा. पानांच्या कडा सुकून कागदासारख्या झाल्या तर मात्र औषध नको, सावली कमी पडते आहे.

तोडणी आणि वाळवण

लावणीनंतर साधारण सहा महिन्यांनी पहिली कणसं तोडायला येतात. कणीस दिसल्यापासून ते भरायला दोन महिने लागतात. तोडायची वेळ रंगानं आणि नखानं ठरवावी: कणीस गर्द हिरवं, काळपट झाक आलेलं, आणि दाबल्यावर टणक लागलं पाहिजे. फिकट हिरवं कणीस कच्चं, वाळल्यावर ते सुरकुतून पोकळ होतं. पिवळट-लालसर होऊन मऊ पडलं तर पिकलं. त्याचा तिखटपणा उतरलेला असतो. सगळी कणसं एकदम तयार होत नाहीत, तेव्हा तीन-चार फेऱ्यांत तोडावीत, देठ चिमटून. ओढलं तर फांदी येते.

स्वच्छ ताडपत्रीवर एका थरात चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवावं, दिवसातून दोनदा परतावं आणि संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करून झाकावं. एखादं कणीस मोडून पाहा: कट् आवाज करून तुटलं तर वाळलं, वाकलं तर अजून एक ऊन द्या. १० किलो ओल्या पिंपरीची सुमारे दीड किलो वाळकी होते, हा हिशेब आधी मनात असावा. अर्धवट वाळलेला माल डब्यात भरला की आत बुरशी धरते आणि सगळा डबा टाकावा लागतो.

पिंपरीतला तिखटपणा मिरीसारखाच पायपरिनचा, पण चव आधी किंचित गोडसर आणि मग हळूहळू चढणारी. मटणाच्या मसाल्यात चार-पाच कणसं भाजून घातली तर रश्श्याला वेगळाच वास येतो. एक किलो मटणाला याहून जास्त नको. सुंठ, मिरे आणि पिंपळी समभाग म्हणजे त्रिकटू. ६४ प्रहर, म्हणजे आठ दिवस-रात्र खलून केलेली चौसष्ट प्रहरी पिंपळी वैद्य वापरतात. घरी काढ्यात दोन कपांना एक कणीस पुरे. पिंपळी, क्षार आणि मीठ या तीन गोष्टी फार काळ, फार प्रमाणात घेऊ नयेत, असं चरकसंहितेनं स्पष्ट बजावलं आहे. पित्ताचा त्रास असणाऱ्यांनी जपून घ्यावी आणि गरोदर बाईला वैद्याच्या सल्ल्याशिवाय देऊ नये.

तीन वर्षं वेल चढत्या क्रमानं देतो, मग उतार लागतो. चौथ्या उन्हाळ्याआधी वेल काढून जाड मुळं आणि बुडाचं खोड वेगळं करावं, धुऊन एक-दीड इंचाचे तुकडे करून वाळवावेत. हेच पिंपळमूळ, बाळंतिणीच्या लाडवात पडणारे गंठोडे. त्या वाफ्यात लगेच पुन्हा पिंपरी लावू नये, मातीतली कूज नव्या कांड्यांना धरते. एक-दोन वर्षं तिथे हळद किंवा भाजी घ्यावी, आणि नव्या वाफ्याची जागा ठरली की आधी तिच्या पश्चिमेला वाळ्याचे फुटवे टाकावेत.